ओव्हन घेण्याआधी भिंतीवरचा बोर्ड बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत दिवाळी खरेदीच्या निमित्ताने मायक्रोवेव्ह ओव्हनवर पानभर लेख आला होता. लिटर, वॉट, ऑटो मेनू, हप्ते, रंग, सगळं होतं. कितीजणांच्या घराला किती लिटरचा ओव्हन पुरतो याचा तक्ताही होता. हा ओव्हन घरात आल्यावर लावायचा कुठल्या सॉकेटला आणि ठेवायचा कुठे, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. मी रत्नागिरीत घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. मिक्सर, इस्त्री, गिझर करतोच, पण गेली बरीच वर्षं मुख्यतः मायक्रोवेव्ह. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक ओव्हनमध्ये कंपनीची चूक नसते. ते भलत्या जागी ठेवलेले आणि भलत्या प्लगला लावलेले असतात.

आमच्या भागात ओव्हन येतो तो बहुधा मुंबई-पुण्याच्या मुलाकडून. आईबाबा गावी दोघंच, गुडघे दुखतात, गॅसपाशी उभं राहवत नाही, म्हणून मुलगा मोबाइलवरून मागवतो आणि खोका थेट गावच्या पडवीत येऊन पडतो. भावना चांगली आहे. पण मागवताना मुलाने स्क्रीनवर बघितलेला असतो तो ओव्हन. घरातला स्विचबोर्ड त्याला आठवतो तो बारावीला असतानाचा, आणि तो बदललेला नसतो!

पहिला घोळ प्लगचा. ओव्हनच्या वायरला सहसा जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा प्लग असतो. जुने लोक अजून पंधराच म्हणतात. स्वयंपाकघरात असा पॉवर पॉइंट असला तर एकच असतो, आणि तो फ्रिजने धरलेला असतो. मग कोणीतरी बाजारातून कन्व्हर्टर आणतो. मागे बारीक पिना, पुढे जाड भोकं. तो मिक्सरच्या बोर्डात घुसतो, ओव्हन चालू होतो, दूध तापतं, सगळे खूश.

आता हिशेब बघा. खोक्यावर ८०० वॉट लिहिलेलं असतं तो आतल्या अन्नाला मिळणारा जोर. तेवढ्यासाठी ओव्हन भिंतीतून साधारण १२०० वॉट ओढतो. २३० व्होल्टला हे पाच अँपिअरच्या वर गेलं, आणि बारीक सॉकेटची मर्यादा सहा. म्हणजे साधा सोलो, म्हणजे नुसत्या लहरींनी तापवणारा ओव्हन तिथे कसाबसा निभावतो, आणि निभावतो म्हणूनच घरच्यांना काही वावगं वाटत नाही. पुढे नातवंडं सुटीत येतात, कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजायच्या सोयीवर, केक लावतात. बऱ्याच मॉडेलमध्ये तेव्हा दोन हजार, बावीसशे वॉटपर्यंत ओढ जाते. नऊ-साडेनऊ अँपिअर. सॉकेटच्या आतली पितळी पकड तापून सैल होते, सैल पकडीत ठिणग्या पडतात, ठिणग्यांनी पिन काळी होते, काळी पिन आणखी तापते. मग ओव्हन ‘मध्येच बंद पडतो’ म्हणून माझ्याकडे येतो. माझ्या टेबलावर ठणठणीत चालतो. मी वायरचं टोक उलटून दाखवतो: एक पिन करपलेली, बाजूचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलेलं. त्या ओव्हनला माझी गरज नसते, घराला वायरमनची असते.

वायरमनला सांगायचं ते असं: मेन बोर्डापासून थेट ओव्हनपर्यंत अडीच एमएमची तांब्याची तार, मध्ये कुठे जोड नाही, त्या लाइनला स्वतंत्र सोळाची एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि आयएसआय खुणेचा सोळा अँपिअरचा सॉकेट. त्यावर दुसरं काही लावायचं नाही. फ्रिज आणि ओव्हन एका मल्टिप्लगवर तर अजिबात नको. खर्च होतो, मान्य. पण वीस हजारांचा ओव्हन घेणारा माणूस हजार-दोन हजारांच्या तारेशी घासाघीस करतो, तेव्हा मला हसू येतं.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेत घरगुती मायक्रोवेव्ह १९५५ मध्येच विकायला आला होता. पण तो भिंतीत बसवायचा, त्याला २२० व्होल्टची वेगळी लाइन लागायची आणि किंमत १२९५ डॉलर. फार कोणी घेतला नाही. १९६७ मध्ये अमाना कंपनीचा ओट्यावर ठेवायचा ‘रेडारेंज’ ४९५ डॉलरला आला. तिकडच्या घरातल्या साध्या ११५ व्होल्टच्या सॉकेटवर तो चालायचा. त्यानंतर हे यंत्र घराघरांत शिरलं. आपल्याकडच्या जाहिरातीत सॉकेटचा उल्लेखही नसतो.

प्लगची तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, हा आमच्या जांभ्याच्या भागातला खास रोग. अर्थिंगचा पाइप जमिनीत नीट खोल जायला हवा आणि भोवती ओल टिकायला हवी. जांभ्यात खड्डा खणणं जिकिरीचं. दोन फुटांवर पहार टणकन वाजते, गडी कंटाळतो, मग आखूड सळई पुरून वर माती ओढली जाते. पावसाळ्यात ती थोडंफार काम करते. एप्रिल-मेमध्ये खडक सुकला की अर्थिंग नावालाच. काही जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली आहे. पुढे कधीतरी तो नळ बदलून प्लास्टिकचा पाइप आला, तार मात्र तशीच राहिली. ती आता कुठेच जात नाही.

‘ओव्हनला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार मला उन्हाळ्यात जास्त येते, त्याचं कारण हे. बऱ्याच ओव्हनच्या आत वीज गाळणारा छोटा फिल्टर असतो. त्यातून किंचित करंट बाहेरच्या पत्र्यावर येतो आणि तो जमिनीत जाणं अपेक्षित असतं. जमिनीची वाट नसेल तर तो तुमच्या बोटातून वाट काढतो. हा करंट अगदी थोडा, पण बाब तेवढ्यावर थांबत नाही. आत जो ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार करतो, त्याच्या गुंडाळीचं एक टोक बहुतेक ओव्हनमध्ये सरळ पत्र्याला जोडलेलं असतं. बनावटच तशी आहे. अर्थिंग भक्कम आहे हे गृहीत धरून हे यंत्र बनवलंय. म्हणून कोणी तिसरी पिन कापून ओव्हन लावलेला दिसला की मी दुरुस्ती बाजूला ठेवून आधी तो प्लग बदलतो, मग गिऱ्हाईक कितीही कुरकुर करो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, शक्यतो मे महिन्यात. पावसात तपासलं तर ते खोटा धीर देतं. घराला तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर त्याच फेरीत तीही बसवून घ्या.

आता जागा. आमच्याकडे ओव्हन ठेवायच्या ठरलेल्या तीन जागा आहेत: फ्रिजच्या डोक्यावर, शेगडीच्या बगलेत, नाहीतर सुताराने मोजून केलेल्या खणात. तिन्ही वाईट.

फ्रिजवरचा ओव्हन माणसाच्या तोंडाच्या उंचीला येतो. साठी उलटलेली बाई टाचा उंचावून उकळत्या आमटीचं भांडं बाहेर काढते, तेव्हा ते सांडलं तर अंगावर कुठे सांडेल याचा विचार करा. शिवाय फ्रिजच्या बाजूचे पत्रे स्वतःच गरम असतात आणि त्याचं डोकं नेहमी सपाट असतंच असं नाही. ओव्हन कलला की आतली काचेची थाळी रोलरवरून घसरून खडखडते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मोटर गेली.

शेगडीच्या बगलेत वाफ आणि तेल. ओव्हनमधला पंखा बाहेरची हवा आत ओढतो, कारण मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, सतत थंड ठेवावा लागतो. शेजारी फोडणी चालली असेल तर त्या हवेत तेल आहे, कुकरची शिट्टी झाली तर वाफ आहे. मी असे ओव्हन उघडतो तेव्हा पंख्याच्या पात्यांवर चिकट तपकिरी थर असतो आणि सर्किट बोर्डावर तोच थर, त्यात धूळ, त्यात मुंग्या.

सुताराचा खण तर फारच देखणा असतो. सनमायका लावलेला, ओव्हन बरोब्बर त्यात बसतो, बाजूने बोटही जात नाही. सुताराचं कौशल्य वादातीत, पण ओट्यावर ठेवायचा ओव्हन श्वास घेतो तो बाजूंनी, मागून आणि वरून. पुस्तिकेत प्रत्येक मॉडेलची अंतरं दिलेली असतात, ती पाळा. ढोबळ सांगायचं तर मागे आणि बाजूंना चार इंच, वर आठ ते बारा इंच मोकळं हवं. खणात कोंबलेला ओव्हन दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि पटकन बंद पडतो, अर्ध्या तासाने परत चालू. बिघाड झालेला नसतो. तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कटआउट आपलं काम करत असतो. पापडांच्या दिवशीही असंच होतं. एकामागून एक पापड भाजायचे म्हणजे आत जवळजवळ काहीच नसताना ओव्हन चालवल्यासारखं आहे. पापडात पाणी किती ते असणार? लहरी शोषून घ्यायला काही नसलं की त्या उलट मॅग्नेट्रॉनवर येतात. दहा-बारा पापडांनंतर ओव्हनला जरा विसावा द्यावा.

आणि ते कव्हर. टीव्हीवर होतं, फ्रिजवर होतं, आता ओव्हनवर आलं. क्रोशाचं असो की फुलाफुलांचं प्लास्टिकचं, ते वरच्या आणि बाजूच्या जाळ्या झाकतं. हौस असेल तर ओव्हन थंड असताना घाला, चालू करायच्या आधी पूर्ण काढा, नुसतं पुढून वर सरकवू नका.

मग ठेवायचा कुठे? छातीपेक्षा खाली, कमरेच्या वर, शेगडीपासून आणि मोरीपासून हात-दोन हात लांब, पक्क्या सपाट टेबलावर किंवा ओट्याच्या कोरड्या टोकाला, पॉवर पॉइंटपासून त्याची स्वतःची वायर पोचेल एवढ्या अंतरावर. एक्स्टेंशन बोर्ड नको. खिडकीखाली नको, पावसाची झड येते. वायफायचा डबा शेजारी असेल तर तो हलवा. दोघांचंही काम २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, आणि ओव्हन चालू असताना नातवाचा व्हिडिओ कॉल अडकतो.

किनाऱ्यालगतच्या घरांना आणखी दोन शत्रू. एक खारी हवा. दाराखालची कड आणि आतल्या तळाचा रंग तिथून सुटायला लागतो. रंग सुटलेल्या पत्र्यावर ठिणगी पडते, म्हणून टवका लहान असतानाच ओव्हनच्या आतल्या भागासाठी मिळणारा रंग लावून घ्यावा. गंजून भोक पडलं तर मी ओव्हन दुरुस्त करत नाही, साफ नाही म्हणतो. दुसरा शत्रू पाल. ओव्हनच्या आतली ऊब तिला फार मानवते. जाळीतून शिरते, सर्किट बोर्डावर अंडी घालते आणि एक दिवस दोन टोकांवर एकदम पाय देते. बोर्ड जातो, पालही जाते. लोक विचारतात, जाळीवर मच्छरदाणीचं कापड लावू का? नका लावू, हवा अडते. भिंतीला चिकटवून न ठेवणं, आसपास खरकटं नसणं आणि वापर झाल्यावर भिंतीवरचं बटण बंद करणं, एवढ्याने बराच फरक पडतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की बटण बंद करण्यावर न थांबता प्लगच काढावा.

निवडीबद्दल माझं मत ऑटो मेनू मोजणाऱ्या आपल्या लेखाच्या नेमकं उलटं आहे. सत्तरीच्या आईबाबांसाठी ओव्हन घेत असाल तर दोन गोल बटणांचा वीस लिटरचा सोलो घ्या. एक बटण जोराचं, एक वेळेचं. त्यात स्पर्शाने चालणारं पॅनल नाही, त्यामुळे दमट हवेत बटणं न लागण्याची भानगड नाही. बऱ्याचशा अशा मॉडेलमध्ये सर्किट बोर्डही नसतो, त्यामुळे पालीलाही काम नाही. गोल बटणावर वीस सेकंद की तीस ते नीट कळत नाही, हे खरं. पण भात, वरण, दूध गरम करायला तेवढं चालतं. दोनशे ऑटो मेनूंपैकी एकही वापरलेला मी आमच्याकडे कुठल्या घरात बघितलेला नाही. खरोखर केक, बिस्किटं करणारं कोणी घरात असेल तर कन्व्हेक्शन जरूर घ्या, मात्र आधी ती वेगळी लाइन. नुसत्या ग्रिलच्या मॉडेलचा उपयोग मला अजून कळलेला नाही. आणि घरातलं रोजचं काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं दुकानात सोबत न्या. वीस लिटरच्या ओव्हनची थाळी बहुधा २४५ मिलिमीटरची असते. कान असलेलं मोठं भांडं त्यात फिरताना भिंतीला आपटतं.

मागवण्याआधी अजून एक चौकशी करा: त्या कंपनीचा माणूस तुमच्या गावात येतो का? काही कंपन्यांचा मेकॅनिक आमच्याकडे कोल्हापूरहून येतो, आणि घाट बंद असला तर येतच नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या मायक्रोवेव्हला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. मागच्या पट्टीवर ती खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो नसलेला स्वस्तातला ओव्हन कोणी दिला तर हात जोडा.

आता बिघाडांकडे येतो. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: ‘दिवा लागतो, थाळी फिरते, पण तापत नाय ओ.’ यात आधी विचारतो, सकाळी तापतो की संध्याकाळी? कारण आमच्या वाड्यांमध्ये लाइनच्या टोकाच्या घरांना दिवेलागणीला व्होल्टेज पार खाली जातं. ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ओव्हनचा जोर त्या प्रमाणाहूनही जास्त घटतो. ओव्हन गुणगुणतो, वेळ संपते, आमटी कोमटच. सकाळी तोच ओव्हन छान. तिथे पार्ट बदलून काही होणार नाही, लाइनची तक्रार करा. घरच्या इन्व्हर्टरवर तर ओव्हन लावूच नका, तो तेवढ्या भाराचा नसतो.

दिवसभर सारखाच गार असेल तर घरी एक तपासणी करता येते. मापाने एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात घ्या, त्याचं तापमान बघा, पूर्ण जोरावर बरोब्बर दोन मिनिटं चालवा, ढवळून परत बघा. तापाचं थर्मामीटर इथे कामाचं नाही, स्वयंपाकातलं हवं. ७०० ते ८०० वॉटच्या ओव्हनमध्ये पाणी वीस अंशांच्या आसपास चढायला पाहिजे. दहा-बारा चढलं तर मॅग्नेट्रॉन थकलाय किंवा व्होल्टेज कमी आहे. काहीच चढलं नाही तर मॅग्नेट्रॉन, डायोड, वीज साठवणारा कॅपॅसिटर, आतला फ्यूज, दाराचे स्विच यांपैकी काहीतरी. सोबत नेहमीपेक्षा जाड घुमल्यासारखा आवाज येत असेल तर माझा संशय आधी डायोडवर जातो. हे मेकॅनिकला सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि तो तुम्हाला उगाच मोठा पार्ट बदलायला लावत नाही.

उगाच म्हणतो त्याला कारण आहे. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका गावात दोघंच राहणाऱ्या आजी-आजोबांचा ओव्हन ‘आत वीज चमकते’ म्हणून बंद ठेवलेला होता. आधी येऊन गेलेल्या एका मेकॅनिकने मॅग्नेट्रॉन गेला म्हणून काही हजारांचा आकडा सांगितला होता. मी दार उघडलं. आतल्या उजव्या भिंतीवर अभ्रकाचा करडा चौकोनी पातळ पत्रा असतो, तो एका कोपऱ्यात करपून काळा झाला होता. आजी त्यात खोबरं भाजायच्या. खोबऱ्याचं तेल उडून पत्र्यावर बसलं, तिथेच जळून कोळसा झालं, आणि कोळशावर लहरी पडल्या की ठिणगी. पत्रा मापाला कापून बदलला, मागची जागा पुसली, ओव्हन चालू. या पत्र्याला लागतात चहा-नाश्त्याचे पैसे. आजी म्हणाल्या, “म्हणजे खोबरं भाजू नको?” म्हटलं, भाजा, पण वर झाकण ठेवा आणि झालं की ओल्या फडक्याने ती भिंत पुसा. पत्रा ओरबाडू नका, उचकटून तर अजिबात टाकू नका. काही लोक ‘पुठ्ठा’ समजून फेकून देतात.

ठिणगीचं दुसरं कारण म्हणजे सोनेरी किंवा चंदेरी काठाची बशी, स्टीलची वाटी. शेंगदाणे भाजताना ठिणगी नसते, धूर असतो. आतून जळतात, बाहेरून कच्चे दिसतात. थोडे घ्या, मिनिटा-मिनिटाने ढवळा, जागचे हलू नका. धूर आलाच तर दार उघडू नका, बटण बंद करा, प्लग काढा, आग आतल्या आत विझते.

दार लावताना किंवा उघडताना ‘फट्’ होऊन ओव्हन मेला, तर फ्यूज गेलेला असतो आणि दोष बहुधा दाराच्या स्विचमध्ये असतो. दाराआड तीन छोटे स्विच एका ठरलेल्या क्रमाने चालतात. क्रम चुकला तर त्यातला एक मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे दार उघडं असताना लहरी बाहेर येऊ नयेत. हा फ्यूज उडणं ही सोय आहे. त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळून आणलेले ओव्हन मी बघितलेत, आणि ती तार गुंडाळणारा माणूस स्वतःला इलेक्ट्रिशियन म्हणवत होता. आपण एवढंच करावं: दार आपटू नये, आणि चालता ओव्हन दार उघडून बंद करू नये. आधी थांबवायचं बटण, मग दार.

आणि संपादक महोदय, हे वाक्य ठळक छापलंत तर उपकार होतील: ओव्हनचं बाहेरचं पत्र्याचं कव्हर घरी उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. व्हिडिओ बघून मिक्सर खोलता येतो, पंखा खोलता येतो. मायक्रोवेव्हच्या आतला कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. तो रिकामा करण्यासाठी आत एक रेझिस्टर असतो, पण तो तुटलेला आहे की शाबूत हे बाहेरून दिसत नाही. तिथला दाब हजारो व्होल्टचा आणि करंट जीव घेण्याइतका. ओव्हन उघडताना मी आजही आधी कॅपॅसिटर रिकामा करतो, मगच हात आत घालतो. दुकानातल्या पोरांना मी पहिलं वर्षभर ओव्हनला हात लावू देत नाही.

राहता राहिलं ‘रेडिएशन’. २४५० मेगाहर्ट्झच्या या लहरींनी अन्न किरणोत्सारी होत नाही आणि ओव्हन थांबला की लहरीही थांबतात. दारापासून पाच सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिवॉट ही गळतीची मर्यादा आहे. धड ओव्हन त्याच्या खूप खाली असतो. भीती बाळगायची तर वाकलेल्या दाराची, तुटलेल्या बिजागरीची, फुटलेल्या काचेची बाळगा. असा ओव्हन वापरूच नये. ओव्हनमध्ये मोबाइल ठेवून दुसऱ्याने रिंग करायची, वाजला तर ओव्हन गळका, असा एक निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतोय. मोबाइलला अगदी क्षीण लहर पुरते, त्यामुळे चांगल्या ओव्हनमध्येही तो वाजतो. त्या परीक्षेने काहीच सिद्ध होत नाही. आणि आत मोबाइल असताना चुकून ‘स्टार्ट’ दाबलं तर मग माझ्याकडे नका येऊ.

माझी आपल्याला विनंती अशी की यापुढे अशा तक्त्यांत लिटर आणि किमतीच्या शेजारी दोन रकाने वाढवा: भिंतीतून किती वॉट ओढतो आणि चहूबाजूंनी किती जागा लागते. दोन्ही आकडे पुस्तिकेत असतात, कोणालाही मिळतील. दुकानदारांनीही बिल करण्याआधी ‘पॉवर पॉइंट आहे का?’ एवढं विचारावं. आमच्या बाजारपेठेतले एक-दोघं विचारतात, आणि गिऱ्हाईक नाही म्हणालं तर ओव्हनच्या आधी वायरमनला पाठवतात. त्यांची नावं लिहिली तर जाहिरात होईल म्हणून लिहीत नाही, त्याच कारणाने माझंही नाव छापू नये.

आणि गावी ओव्हन पाठवणाऱ्या चाकरमान्यांना: मागवण्याआधी घरच्या कोणाला तरी स्वयंपाकघरातल्या बोर्डाचा आणि ओव्हन ठेवणार त्या जागेचा फोटो काढून पाठवायला सांगा. भोकं जाड आहेत की बारीक, शेजारी शेगडी आहे की मोरी, तेवढं फोटोत दिसतं. भोकं बारीक असतील तर आधी वायरमनचे पैसे पाठवा आणि ओव्हन पुढच्या महिन्यात मागवा.

आपला वाचक,
एक ओव्हन दुरुस्त करणारा, रत्नागिरी